डॉक्टरांचा ओत्सो

तमाम सांगलीकर, मिरजकर आणि कामाधंद्यानिमित्त साताऱ्याहून येऊन-जाऊन असणाऱ्या सभ्य स्त्रीपुरुषहो! उभं राहता येत असेल तर उभं राहून ऐका, मांडी घालून बसला असाल तर निदान पाठ तरी ताठ करा. कारण पुढची बातमी अत्यंत गंभीर आहे. बास्क भाषेत लांडग्याला ‘ओत्सो’ म्हणतात.

ही बातमी मी शोधून काढलेली नाही. ती मला एका सकाळी जिन्याखाली, खांद्यावर रिकामा सिलिंडर असताना देण्यात आली. देणारे आमचे घरमालक. नोकरीच्या कागदांवर ते पशुधन पर्यवेक्षक होते आणि मेढ्याला, लोणंदला, जतला, जिथं जिथं बदली झाली तिथं तिथं ते ‘डॉक्टर’ होते. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडे नोकरीला, आणि डॉक्टरांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू. जिन्याच्या तळाशी सिमेंटचा कट्टा होता. निवृत्तीनंतर डॉक्टर त्या कट्ट्यावर बसत, आणि त्यांचे गुडघे ओलांडल्याशिवाय आम्हाला घराबाहेर पडता येत नसे.

“थांबा,” डॉक्टर म्हणाले. “लांडग्याला काय म्हणतात?”

“लांडगा,” मी म्हणालो. सिलिंडर रिकामा असला तरी लोखंडाचाच असतो.

“चूक. ओत्सो म्हणतात. जावा आता.”

त्या दिवशी दूधवाला, पेपरवाला आणि विजेचं मीटर बघायला आलेला माणूस हे तिघंही नापास झाले. दूधवाल्यानं दुसऱ्या दिवशी लांबूनच “ओत्सो, ओत्सो!” असं ओरडत सायकल आत घातली. डॉक्टर प्रसन्न झाले.

माणूस उंच, वाळका, बाभळीच्या फांदीसारखा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी जनावरांचा थर्मामीटर. आयुष्य गुराढोरांत गेल्यामुळे समोरच्या माणसालाही ते त्याच नजरेनं बघत. मला पित्ताचा त्रास होता. एकदा त्यांनी जिन्यातच माझी खालची पापणी ओढून बघितली, जीभ बाहेर काढायला लावली आणि निदान केलं, “रवंथ होत नाही तुमचं. खाता आणि पळता. जरा बसून चघळत चला.” लग्नाच्या पंगतीत बसले की समोरच्या रांगेतल्या पाहुण्यांचे दात बघून वय सांगत. आमच्या घरात कुणाला ताप आला की डॉक्टर खिशात हात घालत जिना चढू लागायचे. तो थर्मामीटर आजवर कुठं कुठं जाऊन आला असेल या नुसत्या विचारानं आमचा ताप उतरायचा.

खालच्या गाळ्यात एक चाचा शिलाई मशीन दुरुस्त करत. त्यांच्या दुकानाचं अर्धं शटर कायम खाली असे, कारण त्या अर्ध्या शटरवर डॉक्टर खडूनं बास्क भाषा शिकवत. ही भाषा, मला जेवढं कळलं त्यावरून, स्पेन आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर डोंगर आणि समुद्राच्या बेचक्यात बोलतात. तिला जगात ना आई ना बहीण. आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं जुळत नाही.

“ओत्सो म्हणजे कुठलाही लांडगा,” डॉक्टर शटरवर लिहीत. “शेवटी ‘आ’ लावला, ओत्सोआ, की तो ठरावीक लांडगा. आपल्या माहितीतला. आणि त्यानं काही केलं रे केलं, की त्याला लगेच शेपूट. ओत्सोआक! ओत्सोआक आर्दिया यान दू. लांडग्यानं मेंढी खाल्ली. बघा, सगळं आपल्यासारखं. आधी खाणारा, मग खाल्लेली, शेवटी खाणं. आपण ‘नं’ लावतो, ते ‘क’ लावतात.”

“शेपूट कुठलं बी लावा डॉक्टर,” चाचा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, “मेंढी तर गेलीच की.”

“चाचा, मुद्दा शेपटाचा आहे. आपल्यात ‘लांडगा मेंढी खातो’ म्हणताना त्याला शेपूट नाही. खाऊन झाल्यावर मग ‘लांडग्यानं’. म्हणजे गुन्हा घडल्यावर आपण त्याला धरणार. त्यांच्यात तसं नाही. खातोय तेव्हाही ‘क’, खाणार आहे तेव्हाही ‘क’.” एवढं बोलून डॉक्टर खडू खाली ठेवत आणि रस्त्याकडे बघत. “शहाणी माणसं. आधीपासून ओळखून असतात.”

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. ‘लांडगा’ हा मराठी शब्द डॉक्टर फक्त दिवसाउजेडी उच्चारत. दिवेलागण झाली की तो शब्द त्यांच्या तोंडून येत नसे. तेव्हा एकतर ‘ओत्सो’, नाहीतर नुसतं ‘त्यो’.

त्याचं कारण काकींनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीनं, आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं. त्या दिवसांत काकी रोज कोथिंबीर मागायला वर यायच्या आणि अर्ध्या तासानं कोथिंबीर न घेताच खाली जायच्या. मधल्या वेळात माझ्या बायकोच्या फोनवरून स्पेनमध्ये बोलणं व्हायचं. कारण खाली, डॉक्टरांच्या घरात, स्पेनला फोन करायला बंदी होती.

झालं होतं असं. डॉक्टरांची एकुलती एक लेक पुण्यात शिकून पुढं स्पेनला गेली होती. मेंढीच्या दुधाचं चीज करतात, त्यावर तिचं काहीतरी संशोधन. धनगराची नात, मेंढीच्या दुधासाठी विमानानं परदेशी गेली याचं डॉक्टरांना कोण कौतुक! मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. तिकडचाच मुलगा आहे, बास्क आहे, लग्न करणार आहे. डॉक्टरांनी तेही पचवलं. “आडनाव काय?” म्हणून विचारलं. ती म्हणाली, “ओचोआ. अप्पा, अर्थ सांगू का? हसाल तुम्ही. पूर्वीच्या त्यांच्या भाषेतलं नाव आहे. लांडगा.”

अप्पा हसले नाहीत. बाहेर दिवे लागले होते. त्यांनी फोन ठेवला, आणि त्यानंतर कित्येक महिने लेकीशी बोलले नाहीत.

“ह्यांच्यात त्याचं नाव घेत न्हाईत,” काकी सांगत होत्या. “दिवस मावळला, मेंढरं वाड्यात घातली, की न्हाई म्हंजी न्हाई.”

वाडा म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढं आला तो चौसोपी नव्हे. जाळी आणि बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण, त्यात मेंढरं, बाजूला कुत्री आणि माणसं, एवढाच धनगरांचा वाडा. त्या वाड्यावर, मेंढरांच्या देखत, कुणी त्याचं नाव घेतलं तर त्याला बोलावणं धाडलं असं समजायचं. मग ज्यानं नाव घेतलं त्यानं आपलं स्वतःचं एक कोकरू कुंपणाबाहेर दाव्यानं बांधून ठेवायचं. तो त्याचा वाटा. वाटा मिळाला की तो बाकीच्या कळपाला हात लावत नाही. डॉक्टरांच्या घराण्यात ही रीत किती पिढ्यांची आहे कुणास ठाऊक.

“ह्ये ल्हान होते तवा एकदा बोलून गेले,” काकी म्हणाल्या. “पोरांसंगं खेळता खेळता. ह्यांचं पाळलेलं कोकरू हुतं, काळ्या कानाचं. थोरल्या भावानं न्हेऊन बांधलं. सकाळी दावं हुतं. कोकरू न्हवतं.”

एवढं बोलून काकींनी कोथिंबिरीची जुडी हातात घेतली, बघितली आणि परत ठेवली.

आता अशा घरात लांडगा जावई होऊन येणार! डॉक्टरांनी बास्क भाषा शिकायला घेतली ती याच कारणानं. प्रेमानं नव्हे, खटला लढायला. ओचोआ या शब्दाचा अर्थ लांडगा नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. लेकीनंच बापाला चिडवायला म्हणून एक जाडजूड शब्दकोश पाठवला होता. तो कट्ट्यावर घेऊन ते बसू लागले.

सुरुवातीला मोठं यश आलं. एका सकाळी ते जिना चढून थेट आमच्या दारात.

“आठ!” ते म्हणाले.

“साडेआठ,” मी म्हणालो.

“घड्याळ नव्हे हो. स्पॅनिशमध्ये ओचो म्हणजे आठ! आकडा! म्हणजे आडनाव ‘आठे’ झालं. त्याचा काही संबंध नाही!”

तो आठवडा फार सुखाचा गेला. डॉक्टरांनी चाचांना चहा पाजला, मला चहा पाजला, मीटरवाल्याला बोलावून चहा पाजला. मग काकी कोथिंबीर मागायला वर आल्या आणि लेकीनं फोनवरून कळवलं की तो आकडा वेगळा आणि हे आडनाव वेगळं. आडनाव त्या जुन्या ‘ओत्सोआ’वरूनच आलं आहे. ही वार्ता खाली कोणी न्यायची यावर आमच्या स्वयंपाकघरात बराच वेळ खल झाला. शेवटी मला पाठवण्यात आलं.

डॉक्टर खचले नाहीत. ते मुळात शिरले. शब्दाचं मूळ शोधायचं, आणि मुळाशी दुसरंच काही निघालं की सुटका. पण जसजसे खाली उतरले तसतसा तोच उभा. रोमन लोकांच्या काळातल्या दगडांवर, त्या भागातल्या माणसांच्या नावांत, याच्यासारखाच शब्द कोरलेला सापडतो. त्याच्याही आधी काय होतं, ते कुणालाच सांगता येत नाही. भाषेला नातेवाईकच नाहीत, तर विचारायचं कुणाला?

“म्हणजे बघा,” डॉक्टर मला उदासपणे म्हणाले, “एवढी जुनी भाषा. राजे गेले, राज्यं गेली. आणि दगडावर शिल्लक काय राहिलं? ह्यो.”

“पण डॉक्टर, दगडावर लांडग्याचं चित्र आहे का?”

“चित्र कसलं? माणसाचं नाव आहे. बापानं पोराचं नाव ठेवलेलं. सख्ख्या बापानं.” ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता पापणी ओढतात. “तुमच्यात कुणाचं नाव दगडू, धोंडू असं आहे का?”

“मामाचं. दगडू.”

“का ठेवलं?”

“आधीची दोन भावंडं गेली म्हणून. आजी म्हणायची, दगडाला कोण नेणार?”

डॉक्टरांनी शब्दकोश मिटला. मग दोन्ही हातांनी माझे दंड धरले. जनावर धरतात तसे, पण मायेनं.

“दगडाला कोण नेणार!” ते म्हणाले. “आणि लांडग्याला कोण खाणार?”

हे कुठल्या पुस्तकात नाही, ही आपली डॉक्टरांची उपपत्ती. तिकडचे विद्वान काय म्हणतील देव जाणे. पण त्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरून स्पेनला फोन गेला. काकी वर आल्या, कोथिंबीर मागितली, आणि पहिल्यांदाच खरोखर घेऊन गेल्या.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी डॉक्टरांचा सुवर्णकाळ म्हणतो. रोज दिवेलागणीला फोन. लेक पलीकडून विचारणार, अप्पा कट्ट्यावरून घडाघडा म्हणणार: ओत्सो, ओत्सोआ, ओत्सोआक, ओत्सोआरी, ओत्सोआरेन. म्हणजे लांडगा, तो लांडगा, लांडग्यानं, लांडग्याला, लांडग्याचा; पण हे मराठी माझं, त्यांचं नव्हे. शेजारच्या घरात त्याच वेळी शुभंकरोती चालायची. दोन्ही मिळून एक विचित्र आरती आमच्या जिन्यातून वर यायची. परक्या भाषेत नाव घेतलं तर चालतं, असा त्यांनी स्वतःपुरता निकाल लावला होता.

नात झाली. तिचं नाव माया. तिकडे मुलाला बापाचं आणि आईचं अशी दोन आडनावं लागतात. डॉक्टर ज्याला त्याला सांगत, “नातीच्या नावात लांडगा पुढं आणि धनगर मागं. राखण करायला वेगळं कुत्रं नको!” तिला ते ओत्सोकुमे म्हणत. म्हणजे लांडग्याचं पिल्लू. ती बोलायला लागल्यावर फोनच्या पडद्यासमोर बसवून त्यांनी तिच्याकडून मराठीतला एक सवाल-जवाब पाठ करून घेतला. ते विचारायचे, “पूर्ण नाव काय?” आणि ती एका दमात तिन्ही शब्द ठणकावून सांगायची. मग लांडग्यासारखं “ऊऽऽऽ” करायची. मग आजोबाही करायचे. वरच्या मजल्यावर उचक्या लागलेला माझा सासरा एकदा त्या आवाजानं कायमचा बरा झाला.

फेब्रुवारी लागला की डॉक्टर मिठाई वाटायचे, कारण बास्क भाषेत त्या महिन्याला ‘ओत्साइल’ म्हणतात. लांडग्याचा महिना. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पुतण्याचं लग्न. जत तालुक्यातल्या त्यांच्या गावी, भर दुपारी, अक्षता पडल्यावर आणि पंगत बसण्याआधी डॉक्टरांनी माइक हातात घेतला आणि मांडवातल्या सगळ्या पाहुण्यांकडून ‘ओत्सो’ वदवून घेतलं. त्या भागात आज बास्क भाषेतला एक शब्द लहानथोर सगळ्यांना येतो, आणि तो हाच आहे.

सगळे हसत होते. एकटे डॉक्टरांचे थोरले भाऊ हसले नाहीत. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, अजूनही स्वतः मेंढरांमागं फिरणारा माणूस. कळपावर सगळं घर जगतं. ते मांडवाच्या कडेला मला म्हणाले, “पाव्हणं, तुमच्या डाक्टरला सांगा. मांडवात काय बी बोल म्हनावं. वाड्यावर ह्यो शब्द आणू नगंस. कुटल्या बी भाषंत त्यो त्योच असतुया.”

मी ते डॉक्टरांना मोठ्या खुमासदार नकलेसह सांगितलं. डॉक्टर खूप हसले.

लेक फेब्रुवारीत गेली.

आजार लहान वाटला, वाढला, आणि पंधरवड्यात सगळं संपलं. विमानाचं, व्हिसाचं बघेपर्यंत उशीर झाला होता. अंत्यविधी डॉक्टरांनी फोनच्या पडद्यावर पाहिला. तिकडे पाऊस पडत होता. काकी फोन धरून बसल्या होत्या, चाचा दुकान बंद करून दारात उभे होते, आणि पडद्यावरची माणसं छत्र्यांखाली हळूहळू चालत होती. कुणी काय बोलत होतं ते एवढा शब्दकोश पाठ असूनही डॉक्टरांना कळत नव्हतं. त्यांना एकाच प्राण्याची भाषा येत होती.

त्यानंतर कट्ट्यावर डॉक्टर बसत, पण कुणाला अडवत नसत. तुम्ही आलात की गुडघे बाजूला घेत. दूधवाल्यानं सवयीनं “ओत्सो!” म्हणून हाळी दिली तेव्हा चाचांनी दुकानातून धावत येऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. शटरवरचं खडूचं लिखाण चाचांनी पुसलं नाही. ते फक्त शटर पूर्ण वर उचलून ठेवू लागले, म्हणजे ते गुंडाळून आत जाईल. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या भिंतीवरचं कॅलेंडर जानेवारीनंतर एकदम मार्च दाखवत होतं. मधलं पान टाचणीनं मागं टोचलेलं.

जावई अधूनमधून फोन करायचा, नातीला समोर बसवायचा. डॉक्टर तिच्याशी बोलत, पण दिवसाच. जेवलीस का, शाळेत गेलीस का. पूर्ण नाव त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ती आपणहून सांगू लागली की ते घाईघाईनं फोन काकींकडे देत.

एकदा मी जिन्यात थांबलो. गप्प बसणं मला जमत नाही, हा माझा जुना आजार. म्हणालो, “डॉक्टर, किती दिवस असं?”

त्यांनी रस्त्याकडे बघत सांगितलं, “मी रोज नाव घेत होतो.”

“कुणाचं?”

“त्याचं. दिवेलागणीला. लेकीच्या देखत.”

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा जिन्यातच बसलो. “डॉक्टर, अहो, तुम्ही सुया टोचणारा माणूस. हयातभर लोकांच्या अंगाऱ्या-धुपाऱ्यावर ओरडलात. आणि परक्या भाषेतला एक शब्द...”

“तेच चुकलं,” ते म्हणाले. “आपल्या भाषेत म्हटलं असतं तर इथल्यानं ऐकलं असतं. इथं माझं काय होतं? मी तिथल्या भाषेत म्हणत होतो. तिथल्यानं ऐकलं.”

“पेनिसिलीनवर विश्वास आहे ना तुमचा?”

“आहे की,” डॉक्टर म्हणाले. “जनावराला लागू पडतं.”

मग त्या जुलैत जावई आणि नात सांगलीला आले. तिकडे शाळेला सुट्टी. डॉक्टरांनी लांडगा म्हणून ज्याची धास्ती घेतली होती तो जावई प्रत्यक्षात एक गोरा, जाडा, घाबरट, फार सज्जन माणूस निघाला. काकींचा ठेचा खाऊन त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी तो आणखी मागत होता, कारण त्याच्या बायकोनं त्याला त्या ठेच्याविषयी सांगितलेलं होतं. चाचांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि हळूच मला म्हणाले, “हा तर गरीब मेंढरू आहे रे.”

माया सात वर्षांची. आईचे डोळे, बापाचे गाल, आणि आवाज आजोबांचा, सुवर्णकाळातला. डॉक्टर तिच्याकडे बघत आणि नजर काढून घेत. लहान मूल पाण्याच्या कडेला उभं असताना आपण बघतो तसं बघत.

थोरल्या भावाचा निरोप आला: लेकीची लेक पहिल्यांदा आली आहे, वाड्यावर आणा, तिच्या हातात कोकरू द्यायचं आहे. तीही रीतच. डॉक्टर नाही म्हणू शकले नाहीत. गाडी माझी, म्हणून मी. शिवाय जावयाशी बोलायला मोडकंतोडकं इंग्रजीही माझंच. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “त्याला सांगा. पोरीनं तिथं फक्त माया म्हणायचं. पुढचं नाही. दिवस मावळायच्या आत परत निघायचं.” मी सांगितलं. जावयानं मान डोलावली, मायेला सांगितलं. तिनंही मान डोलावली.

कवठेमहांकाळच्या पुढं टायर बसला. माझ्या आयुष्यात टायर बसायला त्यानं दुसरी कुठलीही वेळ निवडली असती तर मी त्यावर तुम्हाला अर्धा तास हसवलं असतं. गावाबाहेरच्या पडीक रानात आम्ही पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता आणि मेंढरं वाड्यात शिरत होती.

थोरल्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मायेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. थोरल्यांनी तिच्या कपाळाला भंडारा लावला. मी यार्डातून मुद्दाम चांगली हळद आणली होती. मग ते वाड्यात गेले आणि एक कोकरू उचलून घेऊन आले. पांढरं, कान काळे. त्यांनी ते तिच्या हातात दिलं. तिनं ते छातीशी धरलं आणि तिचा चेहरा असा झाला की जावयानं तोंड फिरवून डोळे पुसले.

डॉक्टर काळ्या कानांकडे बघत उभे होते.

“चला,” ते म्हणाले. “अंधार व्हायलाय.”

“आरं, थांब की जरा,” थोरले म्हणाले. पोरीसमोर उकिडवे बसले. रापलेला चेहरा सगळा हसत होता. “काय गं बाय, नाव काय तुजं?”

“माया,” ती म्हणाली. शहाण्यासारखी. बापाकडे बघून.

“आगं, पूर्ण नाव सांग की!”

पूर्ण नाव. हे शब्द तिच्या ओळखीचे होते. तिच्या साऱ्या मराठीत हेच तर सगळ्यात जुने शब्द होते. पाठ ताठ झाली, मान वर गेली, आणि आजोबांकडे बघत, कित्येक दिवसांनी आज विचारलं म्हणून आनंदानं, तिनं ठणकावून सांगितलं. लांडगा पुढं आणि धनगर मागं. मग समोरच्या आजोबांना कळलं नसेल म्हणून आणखी सांगितलं, “ओत्सो!” आणि मान वर करून “ऊऽऽऽ!”

कुत्री उठली. वाड्यातली मेंढरं एका बाजूला रेटली, जाळी वाकली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. तिथल्या एकालाही अर्थ विचारायची गरज नव्हती. डॉक्टरांनीच तर माइकवरून शिकवला होता.

थोरले मग उठले. चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. कुंपणाच्या मेखेवरचं दावं त्यांनी काढून घेतलं आणि मायेपुढं हात केला.

“दे बाळा. दुसरं दीन तुला उद्याच्याला.”

मायेनं कोकरू आणखी घट्ट धरलं आणि बापाकडे बघितलं. जावयानं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे इंग्रजी नव्हतं, मराठीही नव्हतं.

“दादा,” डॉक्टर म्हणाले. 

“मला बरं वाटतंय व्हय?” थोरले दाव्याचा फास करत म्हणाले. “एवढी मेंढरं हायती आत. नाव घेतलंय तिनं, त्यांच्या देखत. ज्यानं घेतलं, त्याचं कोकरू. रीत हाय.”

त्यांनी कोकराच्या मानेकडे हात नेला. मायेच्या हाताला दाव्याचा सुंभ लागला, आणि ती दचकून मागं सरकली. त्या वेळी, लेक गेल्यापासून ज्यांचा आवाज जिन्याच्या दुसऱ्या पायरीपलीकडे कुणी ऐकला नव्हता, ते आमचे डॉक्टर दोघांच्या मध्ये आले. थोरल्या भावाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं रान दणाणेल असे ओरडले:

“सोड त्ये दावं, दादा! माजं कोकरू मी कवाच दिलंय!”